उभ्या गाडीचा वेग छप्पन्न

गाडी उभी होती. इंजिन चालू होतं, पण स्टँड लावलेला होता, गिअर न्यूट्रलमध्ये होता आणि शेजारी अच्युत नेवासकर स्वतः कमरेवर हात ठेवून साक्षीला उभे होते. तरीही गाडीचा डिजिटल मीटर ठणकावून सांगत होता की आपण ताशी छप्पन्न किलोमीटर वेगाने चाललो आहोत.

नेवासकरांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. तेवढ्यात मीटर बासष्टवर गेला.

"कुठे जाऊन राहिलीय ही?" फाटकाशी ओवाळणीचं तबक घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने, पद्मजाने विचारलं.

"कुठेही नाही," नेवासकर म्हणाले. "गाडीला निष्कारण आत्मविश्वास आला आहे."

आता आत्मविश्वासाच्या बाबतीत इंदूरच्या लोकमान्य नगरात नेवासकरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सत्तावीस वर्षं ते अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत होते, आणि जगातली कुठलीही बिघडलेली वस्तू तीन पायऱ्यांनी दुरुस्त होते अशी त्यांची श्रद्धा होती: निरीक्षण, नोंद, निष्कर्ष. या पद्धतीने त्यांनी आजवर घरचा गीझर, मिक्सर आणि दारावरची घंटा एवढ्या वस्तू उघडल्या होत्या. त्यांपैकी घंटा अजून वाजते. फक्त ती मिक्सर लावला की वाजते.

गाडी तशी नेवासकरांची नव्हतीच. ती होती त्यांच्या मुलीची, मितालीची. मितालीला सिमरोलजवळच्या इंजिनिअरिंग संस्थेच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. चार जूनला हजर व्हायचं होतं आणि रोज दोन बस बदलत जाण्यापेक्षा आपण मोटारसायकलने जाणार असं तिने जाहीर केलं होतं. हातोदच्या एका ओळखीच्या घरची, तीन वर्षं वापरलेली गाडी तिने स्वतः पाहिली, स्वतः चालवली आणि स्वतः पसंत केली. नेवासकरांच्या वाट्याला फक्त "छान आहे" म्हणणं आलं होतं, आणि तेही त्यांनी जरा खालच्या आवाजात म्हटलं होतं. एकोणीस मेच्या संध्याकाळी हातोदच्या माणसाने गाडी धुऊन, चकाचक करून दारात आणून सोडली. तो जेमतेम कोपऱ्यावर पोचला असेल-नसेल, तोच मीटर छप्पन्नवर गेला.

"सेन्सरचं काहीतरी असेल बाबा, मी बघते," मिताली म्हणाली. तिची पदवी इन्स्ट्रुमेंटेशनची होती, पण घरात त्याचं कोणी फारसं मनावर घेतलेलं नव्हतं.

"तू काही बघू नकोस. सिमरोलचा रस्ता म्हणजे आपली गल्ली नव्हे. ट्रक, डंपर, बस! आपला वेग किती हे ज्याला ठाऊक नाही त्याने त्या रस्त्याला लागायचं नाही. मीटर नीट होईपर्यंत किल्ली माझ्या खिशात."

आणि किल्ली खरोखरच त्यांच्या खिशात गेली. ती तिथे गेल्यावर का कोण जाणे, नेवासकरांना फार बरं वाटलं.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती, त्यामुळे संशोधनाला वेळच वेळ होता. नेवासकरांनी नवं ग्राफबुक काढलं. वीस तारखेला मीटर शहाण्यासारखा वागला: उभा असताना शून्य, चालताना चाळीस. एकवीसला सकाळी उभ्या जागी एकशे चार. बावीसला ठीक. तेवीसला आधी शून्य, मग सत्त्याऐंशी, मग नुसत्याच आडव्या रेघा. नेवासकरांनी तांबड्या आणि हिरव्या पेन्सिलीने सगळं टिपून ठेवलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी नेवासकरांना सांगण्यासारखी वाटली नसती. त्यांच्या गल्लीत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. ज्या दिवशी नळ येतो त्या दिवशी सकाळी साडेसहाला नेवासकर गाडी धुतात. बादली आणि फडकं हा प्रकार त्यांना मान्य नाही. ते पाइप लावतात आणि त्याच्या तोंडावर अंगठा दाबून जोराची पिचकारी मारतात. देशात पहिल्या नंबरच्या स्वच्छ शहरात राहायचं आणि चाकात हातोदची माती बाळगायची, हे त्यांच्या नागरिकत्वात बसत नव्हतं. पुढच्या चाकावर पिचकारी, टाकीवर पिचकारी, आणि सर्वांत जास्त मीटरच्या मागे, कारण दुखणं तिथलं होतं.

"बाबा, पाइप नका नं मारू," मिताली एकदा म्हणाली. "कनेक्टरमध्ये पाणी जात असेल."

"पाणी गेलं असतं तर गाडी बिघडूनच राहिली असती. दुसऱ्या दिवशी आपोआप बरी कशी झाली?"

"ऊन किती आहे बघा तरी. सुकत असेल."

"असेल! विज्ञानात 'असेल' चालत नाही, मिताली. नोंदी होऊ देत."

मिताली हसली आणि आत गेली. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. नेवासकरांनी त्याचा अर्थ आपलं म्हणणं तिला पटलं असा घेतला.

एव्हाना गल्लीला बातमी लागली होती. गल्लीत कोणाला मूल झालं तर लोक पेढा खाऊन घरी जातात, पण कोणाची गाडी बिघडली तर खुर्ची आणून बसतात. समोरच्या घरात निशांत चौरसिया राहायचा. त्याचं मोबाइलचं दुकान होतं, म्हणून स्क्रीन असलेल्या कुठल्याही वस्तूवर बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे असं तो समजायचा.

"सर जी, मीटर-वीटर कुछ नहीं," निशांतने गाडीभोवती एक फेरी मारून निदान केलं. "नजर लगी है. खजराना ले जाओ, गणेश जी के सामने एक बार खड़ी कर दो. भिया, मेरी कार का एसी वहीं ठीक हुआ है."

नेवासकर विज्ञाननिष्ठ माणूस. नजर वगैरे त्यांना मान्य नव्हती. पण नवी गाडी देवाला दाखवण्यात विज्ञानाचं काही बिघडत नाही, असं म्हणून ते गेले. नेमकी तेव्हा चोवीस तारीख होती. देवापुढे मीटर निर्मळ मनाने शून्यावर उभा राहिला, त्यामुळे देवाला तक्रार नेमकी काय सांगायची हाच प्रश्न पडला. येताना ते बेबी उस्तादच्या गॅरेजवरून आले. बेबी उस्ताद हा साडेसहा फुटी, भरघोस मिशांचा मिस्त्री. त्याने गाडी स्टार्ट केली, एक चक्कर मारून आणली आणि हात पुसले.

"साहब, इसमें तो कुछ है ही नहीं."

"काल उभ्या उभ्या सत्त्याऐंशी दाखवत होती!"

"तो कल लाना था," बेबी उस्ताद म्हणाला, आणि बाकावर बसलेली चार गिऱ्हाइकं हसली.

नेवासकरांना हसणं लागलं. त्यांच्या वर्गात साठ मुलं कधी अशी हसली नव्हती. निदान त्यांच्या तोंडावर तरी नाही. दुसऱ्या दिवशी पंचवीस तारीख होती. आज मिस्त्रीला पुराव्यानिशी गप्प करायचं म्हणून त्यांनी गाडी आधी नीट, जास्तच नीट धुतली. गलिच्छ गाडी घेऊन काय चार लोकांत जायचं! घरून निघताना मीटर एकशे बावीसवर होता. पण उस्तादकडे रांग होती आणि सावली नव्हती. मे महिन्याच्या उन्हात गाडी दीड तास उभी राहिली, आणि त्यांचा नंबर लागला तेव्हा मीटरवर पुन्हा तो निरागस शून्य होता. बेबी उस्तादने या वेळी गाडीकडे पाहिलंच नाही. त्याने नेवासकरांकडे पाहिलं आणि कोणालातरी त्यांच्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

सव्वीसला पंढरीनाथकाका आले. काका वीज मंडळातून निवृत्त झालेले, आणि पस्तीस वर्षांच्या नोकरीतून त्यांनी एकच सत्य गाठीला बांधून आणलं होतं.

"अर्थिंग!" काका म्हणाले. "अच्युत, अरे तुझ्या गाडीला अर्थिंगच नाही."

"काका, गाडीला रबराची चाकं असतात."

"तेच तर म्हणतोय मी!"

आणि काकांनी लगेच काम सुरू केलं. तांब्याची तार हँडलला बांधली, तिचं दुसरं टोक जमिनीत पुरायला फरशीत जागा नव्हती म्हणून पद्मजाच्या मोगऱ्याच्या कुंडीत खोल खोचून बुंध्याला तिढे दिले. "आता बघ," म्हणाले. नेवासकरांनी गाडी सुरू केली. शून्य! आनंदाच्या भरात त्यांनी गिअर टाकला आणि गाडी फाटकाबाहेर काढली. मागे मोगरा निघाला. "चौदा! काका, बरोबर चौदा!" असं ओरडत नेवासकर पुढे आणि घरंगळत, आपटत कुंडी मागे, अशी वरात निशांतच्या दारापर्यंत गेली. तिथे कुंडीने प्राण सोडला. मीटर मात्र शेवटपर्यंत चौदाच दाखवत होता.

त्या संध्याकाळी पद्मजा उरलेला मोगरा जुन्या डब्यात लावत बसली. पण नेवासकर खुशीत होते. ग्राफबुकात त्यांनी 'निष्कर्ष: अर्थिंग' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. सत्तावीसला सकाळी गाडी धुतली आणि मीटरने उभ्या जागी एकशे त्रेचाळीस दाखवले. नेवासकरांनी त्या दोन रेघा रबराने खोडल्या.

एकोणतीस तारखेला आणखी एक गंमत झाली. गाडी मितालीच्या नावावर करायची तर विमा हवा, जुना विमा संपलेला, म्हणून विमा कंपनीने तपासणीला माणूस पाठवला. समीर नावाचा हा मुलगा नाशिकहून बदली होऊन आलेला, अतिशय सभ्य आणि अतिशय नियमानुसार वागणारा. पाहुणा येणार म्हणून नेवासकरांनी त्या दिवशी गाडी दोनदा धुतली होती.

"सर, मीटरचा फोटो लागतो," समीर म्हणाला. "पण ॲपमध्ये आधी 'गाडी उभी आहे' यावर टिक करावं लागतं. आणि फोटोत तर ती एकशे एकोणीसने चाललीय."

"पण ती उभी आहे, हे तुम्ही डोळ्यांनी बघताय ना?"

"मी बघतोय सर. वरचे लोक फोटो बघतात."

"मग फोटोत मी शेजारी उभा राहतो! एकशे एकोणीसने जाणाऱ्या गाडीशेजारी कोणी चहाचा कप घेऊन उभा राहील का?"

समीरने यावर प्रामाणिकपणे विचार केला. मग म्हणाला, "सर, फॉर्ममध्ये तसा कॉलम नाहीये." चहा संपवून, तीन जूनला परत येतो असं सांगून तो गेला.

आता नेवासकरांना ग्राफमध्ये काहीतरी दिसू लागलं होतं. एकोणीस, एकवीस, तेवीस, पंचवीस, सत्तावीस, एकोणतीस. बिघाड फक्त विषम तारखांना! त्यांच्या अंगावर काटा आला. हे यंत्र तारीख ओळखत होतं. मीटरच्या आत घड्याळ असतं, घड्याळात कॅलेंडर, आणि कॅलेंडरमध्ये दोष, अशी साखळी त्यांनी रचली आणि सगळ्या गल्लीला एकेक करून समजावली. एकतीसला मीटरने त्यांच्या शब्दाला मान देऊन रेघा दाखवल्या. "उद्या एक तारीख," नेवासकर निशांतला म्हणाले. "विषम. उद्या पुन्हा बिघडणार. लिहून देतो."

एक जूनला मीटर दिवसभर उत्तम चालला. दोन तारखेला, सम तारखेला, सकाळी सात वाजता त्याने उभ्या जागी अठ्ठ्याण्णव दाखवले.

नेवासकर ग्राफबुक घेऊन स्वयंपाकघरात येऊन बसले. चहा गार होत होता. समोर भिंतीवर पद्मजाचं कॅलेंडर होतं. त्यावर दूधवाल्याचे खाडे होते, एकादश्या होत्या आणि नळाच्या दिवशी लाल टिंब होतं, कारण नळाचा दिवस चुकला तर घर दोन दिवस कोरडं. एकोणतीसला टिंब, एकतीसला टिंब. मग महिना पालटल्यावर एकला नाही, दोनला टिंब. नेवासकरांनी ग्राफबुकाकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं, परत ग्राफबुकाकडे पाहिलं. अंगणात पाइप अजून ठिबकत होता.

सत्तावीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं की नेवासकरांना उत्तर सापडलं आणि त्यांनी ते कोणालाच सांगितलं नाही.

"सापडलं का काही?" पद्मजाने विचारलं.

"सापडेल," ते म्हणाले, आणि खिशातली किल्ली चाचपून पाहिली.

तीन तारखेला नळ नव्हता. समीर आला, मीटरने शून्य दाखवला, फोटो निघाला, टिक झाली. "अभिनंदन सर," समीर म्हणाला. नेवासकरांना अभिनंदन झाल्यासारखं मुळीच वाटलं नाही. गाडी नीट होती, कागद नीट होते, मुलगी चांगली चालवत होती. मग आपण नेमके कशासाठी थांबलोय, हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. ते स्वतःच स्वतःला विचारत होते आणि टाळत होते.

चार जून उजाडला. साडेसहाला नळ आला. आत मितालीचा डबा भरला जात होता, पद्मजा दही-साखरेची वाटी शोधत होती. नेवासकर सवयीने पाइप घेऊन गाडीसमोर उभे राहिले. आज त्यांना सगळं माहीत होतं. मीटरच्या मागे, डाव्या अंगाला, पांढरा कनेक्टर. तिथे अर्धा मिनिट पिचकारी. मग मीटर रेघा दाखवणार, मग "बघ, अजून नीट नाही, आज बसनेच जा," आणि पोर सुखरूप बसमध्ये बसणार. पुढच्या आठवड्यात दुसरं काहीतरी काढता आलं असतं. त्यांनी अंगठा पाइपच्या तोंडावर दाबला आणि नेम धरला.

पाणी पायावर पडत राहिलं. चप्पल भिजली, पॅन्ट भिजली. नेवासकरांचा हात काही वर होईना.

"मारा नं बाबा," मागून आवाज आला. मिताली हेल्मेट काखेत धरून पायरीवर उभी होती, केव्हापासून कोण जाणे. "काही नाही होणार. काल संध्याकाळी मी कनेक्टर सुकवून सिलिकॉनने सील केलाय. पावसाळा आहे आता पुढे."

नेवासकरांनी पाइप खाली टाकला.

"तुला माहीत होतं?"

"तेवीस तारखेला सांगितलं होतं मी तुम्हाला."

"मग इतके दिवस गप्प का बसलीस?"

"तुम्ही मीटरचा बिघाड शोधतच नव्हता नं," मिताली म्हणाली.

नेवासकरांना चिडायचं होतं. पण ओल्या पॅन्टने चिडता येत नाही. ते फक्त म्हणाले, "मला भीती वाटते गं, मितू. तो रस्ता मला बघवत नाही. तू त्या ट्रकांमधून जाणार म्हटलं की खिशातून किल्ली काढवत नाही."

"मला पण वाटते," ती म्हणाली. "पहिला दिवस आहे. म्हणून तर म्हणते, भंवरकुआंच्या चौकापर्यंत मागे बसा."

खिशातून किल्ली काढताना ती रुमालात अडकली, पण निघाली. पद्मजाने मुलीच्या हातावर दही ठेवलं, थोडं नवऱ्याच्याही ठेवलं. नेवासकर आयुष्यात पहिल्यांदा मुलीच्या मागे गाडीवर बसले. तिच्या खांद्यावरून त्यांना मीटर दिसत होता.

"हळू!"

"बाबा, अठ्ठावीस आहे."

"तो मीटर खरं सांगतोय कशावरून?"

मितालीचे खांदे हसण्याने हलले. गाडी मात्र सरळ चालली होती. ती सिग्नलला नीट थांबली. मागून हॉर्न मारणाऱ्या रिक्षाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही, आणि वळणाआधी दोनदा आरशात बघितलं. ही सगळी निरीक्षणं नेवासकरांनी केली. ग्राफबुक घरी राहिल्याने नोंद झाली नाही.

भंवरकुआंला ते उतरले. आठ वाजून दहा मिनिटांनी मिताली सिमरोलच्या दिशेने खंडवा रोडला लागली. पुढच्या बसच्या आड ती दिसेनाशी झाली तेव्हा नेवासकर रस्त्याच्या कडेच्या पोह्यांच्या दुकानात जाऊन बसले. पोहे समोर आले, वर शेव, जिरावन मसाला, लिंबू. त्यांनी त्याला हात लावला नाही. फोन टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले.

आठ एकोणचाळीसला फोन वाजला.

"बाबा, पोचले."

"बावीस किलोमीटर," नेवासकर म्हणाले, "एकोणतीस मिनिटं. सरासरी पंचेचाळीस पूर्णांक पाच." ते थांबले. "वाटेत तेजाजी नगरची गर्दी धरता सरासरी पंचेचाळीस येते, म्हणजे मध्ये कुठेतरी तू साठच्या वर गेलीस."

"चौसष्ट. तेजाजी नगरच्या पुढे. रस्ता रिकामा होता."

नेवासकरांकडे या प्रसंगासाठी सोळा दिवसांपासून एक भाषण तयार होतं. त्यात थांबण्याचं अंतर होतं, घर्षण होतं, जडत्व होतं. ते जिभेच्या टोकापर्यंत आलं.

"मीटरवर चौसष्ट दिसलं तुला?"

"दिसलं. दिसलं तेव्हाच कमी केलं."

"मग झालं," नेवासकर म्हणाले.

फोन ठेवून त्यांनी पोह्यांची बशी पुढे ओढली.

"सर, ठंडे हो गए, गरम करके दूँ?" दुकानदाराने विचारलं.

"नको, नको," नेवासकर म्हणाले. "आहेत तसेच उत्तम आहेत."